भांगलणीचा हात

शाहूपुरीत, घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात
मी गवत लावायचं ठरवलं तेव्हा
शेजारचे निकम कुंपणावरून म्हणाले,
"बाई, गवत काय लावायचं असतं? ते येतं."
आणि मग हळूच, "जनावर निघेल हं."

छत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली.
मुलं कागदाच्या तळाशी काढायची ते गवत:
तीन रेघा, मधली उंच,
पुन्हा तीन रेघा,
जमीन आहे एवढंच सांगायला.
तपासताना मी तिथं कधी थांबले नाही.
थांबायचे डोंगरावर, सूर्यावर,
नदीचा निळा बाहेर गेलाय का यावर.
निवृत्तीनंतर वाटू लागलं,
त्या तळाच्या रेघांचं आपण काही देणं लागतो.

पुण्याहून आणली सहा रोपं, एकेक दोनशे चाळीसला,
जांभळ्या पात्यांची,
खारीच्या शेपटीसारखे तुरे येणारी.
चिठ्ठीवर लिहिलं होतं: ऊन हवं, निचरा हवा, लाड नकोत.
लाड नकोत हे काही मला जमलं नाही.
शेणखत घातलं, दोन वेळा पाणी.
ती माजली, आणि माजून आडवी झाली
लग्नाचं जेवून सतरंजीवर कलंडलेल्या पाहुण्यांसारखी.

श्रावणात परळीहून इठाबाई आल्या हाताखाली.
मी चहा टाकायला आत गेले.
बाहेर येऊन बघते तर वाफा स्वच्छ.
काडी नाही. माती भुसभुशीत, सारखी,
आणि सहाही रोपं कडेला, मुळं वर करून,
ओळीनं, उन्हात.

मी काही बोलले नाही.
पण त्यांनी कप घेतला नाही.
"लावल्यालं व्हतं व्हय ह्ये?"
मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं
परक्याच्या हाताकडे पाहावं तसं.
"म्या न्हाई बाई. ह्यानं उपाटलं."

पन्नास वर्षं भुईमुगात, घेवड्यात, सोयाबीनमध्ये
पुढं पुढं सरकलेला तो हात.
डोळे शेजारणीच्या पातळावर,
तोंड कुणाच्या तरी सुनेवर,
आणि हात आपला खाली,
पिकातून गवत वेगळं काढत.
त्याला कुणी कधी विचारलं होतं?

सोमवारच्या एसटीनं त्या परत आल्या.
ओल्या बारदानात दोन ठोंब.
एक पवन्याचा. दुसऱ्याला नाव नव्हतं,
"बांधावरचं म्हंतो आमी."
पायानं जागा दाबत म्हणाल्या,
"ह्ये मरत न्हाई.
पन्नास वरीस मारतीया मी."

त्यांच्याकडूनच मग सगळं शिकले.
वरून कापलं तर उलट जोमानं फुटतं.
वैशाखात वाळलं म्हणून मेलं समजू नये.
खत घालू नये, भुकेलंच ताठ उभं राहतं.
सावलीला मात्र भितं,
आणि साचलेल्या पाण्याला.

कार्तिकात पवना तांब्याच्या भांड्यासारखा झाला.
संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावरून वारा उतरतो
तेव्हा सगळे दांडे एकदम कलतात,
एखादाच मागे राहतो, मग तोही.
हे तीन रेघांत कसं मावणार होतं?
निकमांच्या मोज्यांत कुसळं गेली.
काढत बसले होते ओट्यावर, शिव्या देत,
पण वारा सुटला की कुंपणाशी येतात,
काहीतरी विचारायचं आहे असं दाखवून.

माघात सुतळीनं आवळून वेणीसारखं बांधते,
वीतभर ठेवून कापते.
पेंढी इठाबाईंच्या म्हशीला जाते.
"हिला नक्षी कळत न्हाई," त्या म्हणतात.

अजून येतात अधूनमधून.
वाफ्याशी बसतात
उजवा हात पदरात गुंडाळून.
म्हणून मी कडेला राखून ठेवते
चार रोपं गाजरगवताची, नावालाच गवत ते.
त्याविषयी आम्ही दोघी बोलत नाही.
त्या जायला उठल्या की
ती तिथं नसतात.